चांदी खरी, नाणं खोटं

जमिनीतून निघालेलं नाणं माझ्या काउंटरवर येतं तेव्हा ते बहुतेक वेळा लख्ख घासलेलं असतं. कुणी चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून आणतं, कुणी राखेनं घासतं. हल्लीची पोरं टूथपेस्ट आणि जुना ब्रश वापरतात. शेठला चकाकती चांदी दाखवली की भाव बरा मिळेल, असा हिशोब असतो. मी मात्र डोक्याला हात लावतो. नाणं खरं की बनावट हे ज्या खुणांवरून कळतं, त्यातल्या निम्म्या त्या ब्रशाबरोबर मोरीत गेलेल्या असतात.

अक्कलकुव्याला आमचं चांदीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. सोन्याचं गिऱ्हाईक नंदुरबारला नाहीतर सुरतेला जातं. आमच्याकडे येतो तो सातपुडा. काठीच्या होळीआधी, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, देवमोगऱ्याच्या यात्रेच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. हासळी, कडी, कमरेचे साखळे, आणि जुन्या रुपयांची माळ. डोंगरातल्या बायकांच्या गळ्यातली ही माळ म्हणजे दागिनाही आणि बँकही. पीक बुडालं की माळेतला एक रुपया सुटतो, बरं साल आलं की पुन्हा ओवला जातो. राणीच्या मुखवट्याचे रुपये सरकारनं 1940 नंतरच्या दोन-चार वर्षांत चलनातून काढून घेतले, पण गळ्यातले कोण नेऊन देणार? त्यामुळे राणीछाप आणि राजाछाप हे शब्द आमच्याकडे अजून रोजच्या व्यवहारात आहेत, आणि जुना रुपया हातात घेतला की तो काय आहे हे बोटांनाच कळायला लागतं.

परवा मणिबेलीकडचा एक तरुण आला. मणिबेली म्हणजे अक्कलकुवा तालुक्याचं नर्मदेकाठचं टोक, सरदार सरोवराच्या भिंतीला सगळ्यांत जवळचं महाराष्ट्रातलं गाव. धरणाचं पाणी राज्यात पहिल्यांदा शिरलं ते याच गावात, 1993 साली. पुढच्या वर्षी शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. नर्मदेची परकम्मा करणाऱ्यांची वाट या शूलपाणीच्या झाडीतूनच जायची, आणि नदी दिसली की नाणं टाकायचं ही आपल्याकडची रीत. गावातली कित्येक कुटुंबं गुजरातेतल्या वसाहतींत गेली, काही वरच्या टेकड्यांवर सरकली. घरं उठली, नाटा-कौलं वाहून नेली, आणि त्या गडबडीत काय काय चिखलात राहिलं याची यादी कुणी केलेली नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या काठाचा गाळ उघडा पडतो. त्या गाळावर हा पोरगा ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर घेऊन फिरला होता.

त्यानं कागदाच्या पुडीतून तीन नग काढले. एक 1862चा राणीछाप. एकावर हनुमान, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि 1818. तिसरा जाड, वेडावाकडा, काळवंडलेला, त्यावर फारसी अक्षरांचे तुकडे. "शेठ, मशीननं तिन्ही चांदीच दाखवली," तो म्हणाला.

मशीन काय दाखवतं ते आधी समजून घेतलेलं बरं. त्याच्या गोल चकतीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात. खाली धातू असला तर त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांचा उलटा परिणाम चकतीला जाणवतो. धातूतून वीज जितकी सहज वाहते, तितका पडद्यावरचा आकडा मोठा आणि आवाज उंच. सगळ्या धातूंत वीज सर्वांत सहज वाहते ती चांदीतून, म्हणून चांदीचा आकडा वरचा. पण तांबं तिच्या पाठोपाठच आहे. जाड तांब्याचा पैसा किंवा ॲल्युमिनियमचा मोठा तुकडासुद्धा चांदीसारखा बोलतो. मशीनला वीज कळते. राणी कळत नाही, टांकसाळ कळत नाही, साल तर अजिबात नाही.

माझ्याकडे पहिलं काम काट्याचं. 1835 साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: 180 ग्रेन वजन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. हे माप पुढे शंभर वर्षं हललं नाही. राजे बदलले, मुखवटे बदलले, वजन तेच. जुना तोळा आणि रुपया एकाच वजनाचे. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम धरतात, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो. एकानं मला विचारलं होतं, "एक तोळ्याचं नाणं, मग दीड ग्रॅम जास्त कसं भरतं, भेसळ आहे का?" उलट आहे. बरोबर दहा ग्रॅम भरणारा राणीछाप मी लगेच बाजूला ठेवतो, कारण ते वजन आजच्या साच्याचं असतं.

त्याचा 1862चा रुपया भरला 11.62. वापरात घासून एवढी घट होणारच. माळेत वर्षानुवर्षं एकमेकांवर आपटलेले रुपये 11.4 पर्यंत उतरलेले मी पाहिलेत. 11.9 भरला असता तर मात्र शंका आली असती. नाणं झिजून हलकं होतं, जड कसं होणार? गाळाचा किंवा गंजाचा थर सोडला तर ठरल्यापेक्षा जास्त वजनाला कारणच नाही. हनुमान भरला 11.10. तिसरा वेडावाकडा 11.38.

नुसत्या वजनानं भागत नाही. थोडं जाड पितळ घेतलं की वजन जुळवता येतं. पण वजन आणि आकारमान दोन्ही एकदम जुळवणं खोट्या धातूला जमत नाही. यासाठी तेजाब नको आणि कानस नको. पाण्याचा पेला आणि ग्रॅमचे शंभर भाग दाखवणारा काटा पुरतो, असा काटा आता चारपाचशे रुपयांतही मिळतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवायचं. बुडाला टेकू द्यायचं नाही, कडेला लागू द्यायचं नाही, अंगाला बुडबुडे चिकटले तर दोरा हलवून सोडवायचे. मग काटा जो आकडा दाखवतो तो म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं कोरडं वजन त्या आकड्यानं भागायचं.

राणीछापाला काट्यानं 1.12 दाखवलं. 11.62 भागिले 1.12, म्हणजे 10.37 च्या आसपास. शुद्ध चांदी 10.49, तांबं 8.96, अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं मिळून 10.3 च्या थोडं वर येतं. जुळलं. हनुमानाला 1.31 आलं, भागाकार साडेआठच्या खाली. हे पितळ. वरून चांदीचं पाणी दिलेलं, आणि तेही घासल्यामुळे हनुमानाच्या गुडघ्यावर पिवळं दिसायला लागलेलं. तिसऱ्याचा भागाकार 10.44. म्हणजे राणीच्या रुपयापेक्षाही चोख चांदी. पोरानं तिन्ही आकडे मोबाइलवर पुन्हा भागून पाहिले. मला ते आवडलं. शेठच्या शब्दावर विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक शेठला बरं, पण गिऱ्हाइकाला बरं नव्हे.

हनुमानाचं प्रकरण इथेच मिटवतो, कारण अशी नाणी घेऊन महिन्याला कुणी ना कुणी येतंच. रामदरबार, हनुमान, ॐ, लक्ष्मी. साल 1616, 1717, 1818, 1839. एका बाजूला कंपनीचं नाव. कंपनीनं असा रुपया कधीच पाडलेला नाही. 1835 पर्यंत तर कंपनीचे बहुतेक रुपये मोगल बादशहाच्या नावानं, फारसी अक्षरांत निघत. इंग्रजी अक्षरं आणि राजाचा मुखवटा त्यानंतर आला. हे शिक्के यात्रेत, देवळाच्या बाहेर विकायला म्हणून बनलेले. देव्हाऱ्यात ठेवा, माझी तक्रार नाही. खरा धोका पुढे आहे: याच शिक्क्यांना 'राईस पुलर' म्हणून फिरवणारी टोळकी आहेत. नाणं तांदूळ ओढतं, परदेशी कंपनी कोट्यवधी देते, तपासणीसाठी आधी अमुक हजार भरा. तांदूळ ओढायला तांदळात लोखंडाचा कीस आणि आत लोहचुंबक एवढंच लागतं. यात डॉक्टर, मास्तर, निवृत्त अधिकारी अडकल्याच्या बातम्या पेपरात येतच असतात, मग पाड्यावरच्या पोराला हसण्यात काय अर्थ? मी त्याला एवढंच सांगितलं की या नगासाठी कुणी पुढे होऊन फोन केला, तर तो फोन ठेवून द्यायचा.

आता राणीचा रुपया. धातू बरोबर निघाला, म्हणून नाणं बरोबर ठरत नाही. लोक नेमके इथेच फसतात, आणि सराफही फसतात, कारण सराफाचं सगळं शिक्षण चांदीवर थांबतं. धनत्रयोदशीला ठिकठिकाणी राणीचे आणि पंचम जॉर्जचे नवे शिक्के विकले जातात. चांदी खरी, ठसा कालचा. ते जमिनीत पडले, दोन पावसाळे गेले, की काळे होतात आणि पुरातन दिसायला लागतात. आणि खऱ्या चांदीचा खोटा रुपया ही काही आजची गोष्ट नाही. 1893 मध्ये सरकारनं टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होतं, म्हणून रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत जवळजवळ राहायची. टांकसाळ बंद झाल्यावर रुपया सरकारी दरावर टिकला आणि चांदी उतरत गेली. मग गुपचूप रुपये पाडणाऱ्याला पितळ वापरायची गरजच उरली नाही. पुरेपूर वजनाची, पुरेपूर कसाची चांदी घालूनही नफा सुटत होता. असा रुपया आज जमिनीतून निघाला तर तो शंभर वर्षं जुनाही असेल, चांदीचाही असेल, आणि तरी खोटा.

म्हणून काट्यानंतर भिंग. दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तेच. मी मुखवटा आधी बघत नाही, अक्षरांच्या मुळाशी बघतो. टांकसाळीत दोन पोलादी ठशांमध्ये चकती दाबतात, धातू ठशाच्या खाचेत जोरानं चढतो. त्यामुळे अक्षर सपाट मैदानातून सरळ भिंतीसारखं उभं राहतं. ओतीव नाण्यात धातू साच्यात नुसता वाहत जाऊन बसतो. अक्षराचं मूळ गोलसर, मऊ, बुजलेलं दिसतं, आणि मैदानावर सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, निवताना हवा सुटल्याची. झिजलेल्या खऱ्या नाण्यात राणीचा गाल, भुवईवरचे केस, मुकुटाचा उंच भाग आधी सपाट होतो. अक्षरांमधल्या सखल जागा मात्र तशाच कोऱ्या राहतात. झीज उंचवट्यावरून सुरू होते. ओतीव खोट्यात उंच-सखल सगळंच सारखं वितळल्यासारखं असतं.

मग कड. रुपयाच्या कडेला उभे दाते असतात. कडेवर भिंग फिरवताना एखादी आडवी रेघ नाण्याला वळसा घालून गेलेली दिसली, तर दोन साच्यांचा तो सांधा आहे, किंवा दोन पातळ चकत्या मध्ये दुसरा धातू घालून जोडलेल्या आहेत. या पोराच्या रुपयाची कड नीट होती, फक्त एका ठिकाणी, मुकुटाच्या बरोबर वर, दाते अर्धा सेंटिमीटर पुसलेले आणि धातू किंचित चढलेला. मी त्याला ती जागा भिंगातून दाखवली. कडी झाळल्याची खूण आहे ती. हा रुपया कुणाच्या तरी माळेत होता आणि कडी तुटून पडला. संग्राहकाच्या लेखी अशी खूण म्हणजे डाग, भाव पडतो. माझ्या लेखी तो दाखलाच आहे: खोटा बनवणारा नाण्याला उगाच कडी झाळून मग ती तोडत बसत नाही.

सनावळी आणि अक्षरांची काही जोडणी पाठ केलेली असली तर भिंगाआधीच निकाल लागतो. राणी 1876 पर्यंतच्या नाण्यांवर 'क्वीन' आहे, 1877 पासून 'एम्प्रेस'. एम्प्रेस आणि 1862 एकत्र दिसलं की संपलं. 1862 हेच साल घातलेले रुपये पुढे 1874 पर्यंत पाडले जात होते, म्हणून ते भरपूर सापडतात, आणि भरपूर सापडतात म्हणूनच बनावटही त्यांचीच जास्त. 1835च्या रुपयावर राजा विल्यमच्या नावापुढे चारचा रोमन आकडा चार उभ्या काड्यांनी लिहिलेला आहे. शाळेत शिकलेला आकडा वेगळा, म्हणून कित्येकजण खरं नाणं खोटं ठरवून मोकळे होतात. 1911च्या पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, ते रुपये मागे घेतले गेले आणि 1912 पासून सोंड नीट काढली. तेव्हा 1911 साल आणि हत्ती मात्र सुबक, असं नाणं आलं तर सालाच्या शेवटच्या आकड्याभोवती ओरखडे शोधायचे. सहाव्या जॉर्जचा 1939चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ. त्यामुळे 1938च्या आठाचा नऊ करणारे कारागीर जन्माला आले. आणि 1940 पासून रुपयात निम्मीच चांदी आहे, बाकी तांबं, निकेल, जस्त. त्याचा पाण्यातला भागाकार साडेनऊच्या आसपास येतो. तो खोटा नव्हे, युद्धकाळचा आहे. 1947चा तर निव्वळ निकेलचा, त्याला चुंबक चिकटतो.

आवाजाबद्दल लोक फार बोलतात. बंदा रुपया खणखणीत वाजतो, म्हणीतच आहे. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारली तर चांदीचा नाद लांब घुमतो, शिशाचा बद्द होतो, हे खरं. पण जमिनीत राहून धातूला आतून बारीक चीर गेली असेल तर खरा रुपयाही बद्द वाजतो, कडी झाळताना तापलेलाही तसाच वाजतो. दगडावर आपटून बघणाऱ्यांना तर मी दुकानातच उभं करत नाही.

तेजाब शेवटी, आणि शक्यतो नाहीच. कसोटीच्या दगडावर नाण्याची कड ओढायची, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब. चांदी असेल तर दुधात लिंबू पिळल्यासारखं पांढरं फुटकं धरतं. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर हिरवा फेस. परीक्षा पक्की आहे, पण नाण्यावर कायमचा व्रण राहतो. दागिना मोडायला आला असेल तर ठीक. हॉलमार्क केंद्रातलं किरणांचं यंत्र व्रण करत नाही, मिनिटभरात टक्के सांगतं. मात्र ते फक्त वरची कातडी वाचतं. मुलामा जाड असेल तर ते फसतं. उलट बाजूनंही फसतं: जमिनीत पडलेल्या नाण्याच्या वरच्या थरातलं तांबं हळूहळू विरघळून जातं, हिरवी बुरशी होऊन बसतं, आणि वर उरते ती जास्त चोख चांदी. मग 91 टक्क्यांचं नाणं यंत्रात 95 दाखवतं आणि मालक हुरळतो. यंत्राच्या चिठ्ठीला मी पाण्याच्या पेल्याची साक्ष जोडून घेतो.

ब्रशावर माझा राग आहे तो या कातडीपायीच. चांदी हवेतल्या आणि मातीतल्या गंधकानं काळी पडते. खारट, ओल्या मातीत तिच्यावर राखाडी-जांभळट कवच चढतं, मेणासारखं दिसणारं. हे थर नाण्याच्या धातूतूनच उगवलेले असतात, अक्षरांच्या कडांना घट्ट धरून. बनावट काळेपणा वरून फासलेला असतो: गंधकाच्या पाण्यानं, अंड्यानं, काजळीनं. तो खाचेत दाटतो आणि उंचवट्यावरून बोटानं निघतो. दोन्हींतला फरक भिंगात सरळ दिसतो, पण नाणं घासलेलं नसेल तरच. गाळातून काढलेलं नाणं साध्या पाण्यात ठेवावं, माती आपोआप सुटू द्यावी, न चोळता टिपून वाळवावं आणि कागदात गुंडाळावं. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात नको, ते कालांतरानं चिकट हिरवं होतं.

तिसऱ्या नगाकडे मी मुद्दामच शेवटी वळलो. पोराला तो सगळ्यांत टाकाऊ वाटत होता. गोल नाही, ठसा मध्यावर नाही, अक्षरं अर्धवट, कडेला आणि पाठीवर छिन्नीसारखे बारीक खड्डे. "कुणीतरी घरी ठोकून बनवलंय," असं त्याचं म्हणणं. पण हातानं पाडलेला जुना रुपया असाच असतो. चांदीचा तुकडा तापवून, तोलून, खालच्या ठशावर ठेवून वरून घणाचा घाव. ठसा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून पूर्ण लेख नाण्यावर कधीच मावत नाही. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर, दातेरी कड नाही, चांदी राणीच्या रुपयापेक्षा चोख. उलट एखादा मोगली रुपया गरगरीत गोल आणि सगळी अक्षरं मधोमध घेऊन आला, की माझे कान टवकारतात. तो बहुधा ओतलेला असतो, नाहीतर पुस्तकातल्या चित्रावरून कोरलेला.

आणि ते खड्डे म्हणजे आमच्याच धंद्यातल्या पूर्वजांची सही. व्यापारात रुपया हातात आला की सराफ त्यावर आपला बारीक ठसा मारायचा, आत तांबं नाही ना हे बघायला. एका रुपयावर असे चारपाच ठसे असले तर तो चारपाच पेढ्यांवरून तपासून गेलेला आहे. त्याच्या पोटात काही असतं तर ते तेव्हाच उघडं पडलं असतं.

फारसी मला वाचता येत नाही. 'ज़र्ब' आणि 'जुलूस' या दोन शब्दांचं वळण ओळखता येतं, एवढंच. ज़र्बच्या शेजारी टांकसाळीचं नाव असतं आणि इथे नेमकं तेच नाण्याबाहेर राहिलेलं. आमच्या टापूत जवळच्या टांकसाळी बुऱ्हाणपूर, सुरत, बडोदा आणि होळकरांचं चांदवड. यात एक गोम आहे. बादशहाचं नाव दिसलं म्हणून नाणं बादशहाच्या काळचं किंवा त्याच्या टांकसाळीचं धरू नये. शाहआलमच्या नावाचे रुपये होळकरांनी चांदवडला पाडले, दुसऱ्या अकबराच्या नावाचे गायकवाडांनी बडोद्याला. बादशहाची सत्ता लाल किल्ल्याबाहेर उरली नव्हती, तरी बाजारात विश्वास त्याच्या नावावर होता. तेव्हा हा नग कोणाचा, हे मी सांगणार नाही. ते नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथल्या लोकांनी, किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जाणकारांनी सांगावं. मी एवढंच म्हणेन की धातू चोख, घडण हातची, सराफी ठसे जुने, आणि खोटेपणाची एकही खूण नाही.

अर्धवट ठशाचं नाणं टाकाऊ समजणाऱ्यांना मी जोगलटेंभीची गोष्ट सांगतो. नाशिक जिल्ह्यातलं गोदाकाठचं हे गाव. 1906 मध्ये तिथे चांदीच्या लहान नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांहून जास्त. सगळी क्षहरात राजा नहपानाची. पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. एखाद्यानं दोन-चार नाणी बघून म्हटलं असतं, बिघडलेली आहेत, वितळवा. प्रत्यक्षात गौतमीपुत्रानं नहपानाचा मुलूख जिंकून त्याचंच चलन आपल्या नावावर केल्याचा तो हातात धरता येणारा पुरावा निघाला. आणि तो पुरावा उभा राहिला कारण साठा एकत्र होता. सुटं एक नाणं आलं असतं, तर ते कुणा टवाळाचं काम म्हणून गेलं असतं. कुठे सापडलं, किती खोल, कशात, शेजारी काय होतं, हे नाण्याच्या खरेपणाचं अर्धं प्रमाणपत्र असतं. डिटेक्टरवाला ते खणताना स्वतःच्या हातानं फाडतो. म्हणून सापडल्या जागेवरच, उचलण्याआधी, मोबाइलनं फोटो काढायचा. हे तरी प्रत्येकाला जमतं.

मग तो प्रश्न आला, जो येतोच. "शेठ, किती देता?"

घेत नाही. यात माझा मोठेपणा नाही, कायदा आहे. 1878चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपये ही 1878ची रक्कम तशीच आहे, त्यामुळे आज चांदीचा एक रुपयासुद्धा त्यात बसतो. दडवलेलं आणि हरवलेलं यांत फरक काय, यावर वकील वाद घालत बसतील. कळवणाऱ्याचं त्यात काही जात नाही. मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश, असं त्या कायद्यात आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवान्याशिवाय खणताच येत नाही. आणि गुप्तधनासाठी कुणी अघोरी पूजा, बळी असलं काही सुचवलं, तर 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मांत्रिक आणि डिटेक्टरवाला आमच्या भागात कधी कधी एकाच जीपमधून फिरतात, म्हणून हे सांगावं लागतं.

मणिबेलीच्या गाळाला हा कायदा लावायचा तर जागेचा मालक कोण, इथूनच सुरुवात. जमीन धरणासाठी संपादित झालेली, कसणारा वसाहतीत, वर्षातले बरेच महिने वर पाणी. ते कलेक्टर कचेरीनं ठरवावं. मी पोराला कोऱ्या कागदावर तिन्ही नगांची वजनं, पाण्यातले आकडे आणि खुणा लिहून दिल्या, आणि अर्ज तहसीलमार्फत कसा पाठवायचा ते सांगितलं. राणीछापाची किंमत त्यानं पुन्हा पुन्हा विचारली, तेव्हा खरं ते सांगून टाकलं: 1862चा झिजलेला, कडी झाळलेला रुपया संग्राहक चांदीच्या भावाच्या फार वर घेत नाही. इंटरनेटवर दिसणारे लाखांचे आकडे विकणाऱ्यानं मागितलेले असतात, कुणी दिलेले नसतात. त्या वेड्यावाकड्याला कदाचित जास्त मान मिळेल, पण तो आधी वाचला गेला पाहिजे.

राणीछापाबद्दल आणखी एक सांगितलं. कडीची खूण असलेला रुपया म्हणजे बेवारशी धन नव्हे, कुणाच्या तरी माळेतला सुटलेला मणी आहे. गाव उठून तीसेक वर्षं झाली, त्या बायका अजून हयात असतील. काही वरच्या पाड्यांवर, काही गुजरातेतल्या वसाहतीत. अर्ज तर कर, पण आधी तिथे विचार. मालक हयात असून त्यानं ओळख पटवली, तर कायद्याच्या लेखीही तो रुपया त्या घरचाच.